दरजा

दस्तगीर गवंडी भिंतीवर बोटाचं पेर वाजवतो,
नखानं सांधा खरवडून बघतो,
आणि माझ्याकडं न बघताच विचारतो,
"शिमिट कुणी भरलं हितं?"

मीच भरलं.
अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या बोनसमधून.
दोन पोती, एक पोरगा, दीड दिवस.
जुना चुना भुरभुरायचा, अंथरुणावर पडायचा,
वाटलं, एकदाच काहीतरी कडक लावावं
आणि मोकळं व्हावं.

सिमेंट अजून तसंच आहे.
करडं, गुळगुळीत, आपल्या जागी ठाम.
विटा गेल्या.
त्यांची तोंडं सोलवटली, तांबडा भुगा रोज केरात.
शुक्रवार पेठेत दोनदा पुराचं पाणी आलं,
भिंतीत शिरलं,
आणि परत जायला त्याला वाट सापडली नाही.

"सांधा मऊच असाय पायजे, ताई.
ऊनपाणी त्यानं सोसायचं, झिजायचं बी त्यानंच.
वीट गेली की गेली.
सांधा काय, परत भरता येतोय."

हे मला तरी कळायला हवं होतं.
एकवीस वर्षं उद्यमनगरात बिडाचं कास्टिंग मोजते.
हातातून निसटलं तर बीड वाकत नाही,
सरळ दोन तुकडे.

त्यानं वहीच्या पानावर खर्च लिहून दिला:
दर्जा भरणे, एक भिंत.
मी पेन काढून 'दरजा' करणार होते.
राहू दिलं.

बोटाएवढी छन्नी. हातोडी तर दागिने घडवायची वाटावी.
टुक टुक, फुंकर, टुक.
अंगणात त्याची सून शमशाद
आठ दिवस मुरलेला चुना कालवते,
विटेची सुरखी, चाळलेली वाळू, हिरड्याचं पाणी,
आणि शाहूपुरीतून आणलेला काळा गूळ,
ज्याचा पहिला खडा तिच्या तोंडात जातो.
सासरा बघून न बघितल्यासारखं करतो.

भिंत सामाईक आहे. पलीकडं धाकटी जाऊ, सुलक्षणा.
काम सुरू करायच्या आधी विचारायला गेले होते,
नऊ वर्षांनी, चप्पल न काढता.
ती म्हणाली, "धूळ आमच्याकडं येऊ देऊ नका."
एवढंच.

चौथ्या दिवशी छन्नी आरपार गेली.
आतला चुना पुरानं कधीच धुऊन नेला होता.
करंगळीएवढं भोक, आणि त्यातून
कांदालसणाच्या चटणीचा खकाणा,
पातेल्यावर उलथन्याचा आवाज,
कुणीतरी कुणालातरी म्हणालं, "मीठ बघ की."

"भरू न्हवं?" दस्तगीरनं विचारलं.
मी म्हटलं, आजच्या दिवस राहू दे.
त्यानं थापी पुसली, काही बोलला नाही.

सकाळी बघितलं तर
पलीकडून भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला.
घट्ट. नीट घडी करून.

त्यानं तो चिमट्यानं ओढून काढला,
मला दाखवला, टोपलीत टाकला,
आणि ओल्या विटांच्या मध्ये चुना दाबत दाबत नेला,
थर, मग थर,
आपण कुणाच्या तरी दातात औषध भरावं तसा.

कपाटामागची एक ओळ मात्र सिमेंटचीच राहिली.
"ही सोडतोय. काढाय गेलो तर विटंची कड घिऊन यील.
चुकीचं असलं तरी आता तिला धरून बसलंय."
मी कपाट परत जागेवर सरकवलं.

पैसे मोजून घेताना म्हणाला,
"सात दिवस गोणपाट ओलं ठिवा.
आणि पलीकडनं बी पाणी माराय सांगा,
न्हाईतर एका अंगानं वाळंल आणि तडकंल."

आज तिसरा दिवस.
अजून सांगितलेलं नाही.
सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन उभी राहते,
आणि माझ्या बाजूनं
जरा जास्तच पाणी मारते.